ओहोटीच्या वाटेवर : कच्छच्या आखातातील नरारा

सौराष्ट्राच्या यात्रेस निघालेली आपली कुटुंबे जामनगरला एक मुक्काम बहुधा करतातच. चांदी बाजारातील देरासरांचे दर्शन होते, बांधणीची खरेदी होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी गिरनारच्या दिशेने निघते. याच शहरापासून पश्चिमेस सुमारे साठ किलोमीटरवर, वाडीनारजवळ, समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो आणि आपला तळ उघडा करून दाखवतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या जागेचे नाव नरारा. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा एक भाग आहे.

हा प्रदेश 1980 साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 1982 साली त्यातील सुमारे 163 चौरस किलोमीटर क्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून देशातील हे पहिलेच. त्यात 42 बेटे मोडतात. पिरोटन हे त्यांतले सर्वांत नावाजलेले, परंतु तेथे जाण्यास होडी लागते आणि परवानगीही सहज मिळत नाही. नराऱ्याला होडी लागत नाही, पोहता यावे लागत नाही. घरातील आजोबांपासून नातवंडांपर्यंत ज्याला चिखलातून तासभर चालवेल, त्याला समुद्राचा तळ पायी पाहता येतो. अशी सोय जगात फार ठिकाणी नाही.

हे शक्य होते ते भरती-ओहोटीमुळे. कच्छचे आखात पूर्वेकडे निमुळते होत जाते. मुखापाशी ओख्याला उधाणाच्या वेळी पाणी सुमारे तीन मीटर चढते-उतरते, तर आत कांडल्यापर्यंत हा फरक सहा मीटरांच्या जवळ पोहोचतो. किनारा उथळ आणि सपाट असल्याने ओहोटीला पाणी दूरवर जाते. पंचांग पाहून व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांना यातील गणित चटकन उमगेल. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आगेमागे ओहोटी सर्वांत खोल असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे बेताची. तिची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून येथे घड्याळापेक्षा तिथी आधी पाहावी. ओहोटी सायंकाळची असेल, तर चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण आटोपूनच किनाऱ्यावर उतरावे. परतेपर्यंत सूर्यास्त होऊन जातो.

सुरुवातीला तिवरांची झाडे लागतात. चिखलातून वर आलेल्या त्यांच्या श्वसनमुळ्या पेन्सिली रोवून ठेवल्यासारख्या दिसतात. पुढे वाळू, मग खडक, आणि खडकांमधून घोट्याएवढ्या पाण्याची डबकी. प्रथम काहीच दिसत नाही. नवखा माणूस दहा मिनिटांत कंटाळून म्हणतो की येथे तर नुसता चिखल आहे. डोळे स्थिरावले की चिखल हलू लागतो. दगडासारखा दगड सरकतो, तो खेकडा निघतो. समुद्रफूल आपल्या पाकळ्या पाण्यात पसरून बसलेले असते. त्या पाकळ्या म्हणजे दंश करणारे बाहू आहेत. समुद्रकाकडी काळ्या पिशवीसारखी पडलेली दिसते. तिला फार छेडले तर तिच्या अनेक जाती स्वतःच्या पोटातील आतडी बाहेर टाकतात. खडकाच्या फटीत ऑक्टोपस असतो. त्याला तीन हृदये असतात, रक्त निळे असते, आणि पाहता पाहता तो वाळूचा रंग घेतो. हिवाळ्यात ओलसर वाळूवर काळ्या-पांढऱ्या रंगाचे, जाड चोचीचे, खेकडे टिपणारे पक्षी थव्याने येतात. पक्षीनिरीक्षक केवळ त्यांच्यासाठी येथवर प्रवास करतात.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो प्रवाळाला. आपल्या पेढ्यांवर पोवळे तोळ्या-मासावर तोलले गेले. मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसवले गेले. नराऱ्यात तो जिवंत दिसतो, पण दागिन्यातल्या त्या तांबड्या पोवळ्यासारखा नव्हे. मेंदूच्या वळ्यांसारखे, मधाच्या पोळ्यासारखे त्याचे तपकिरी-हिरवे गोळे असतात. शांतिसूरींच्या जीवविचारात विद्रुमाची गणना पृथ्वीकायात, म्हणजे सजीवांत केलेली आहे. पाठशाळेत ते पाठ केलेल्या मुलांना येथे आणावे. आजचे शास्त्र प्रवाळाला प्राण्यांत घालते, आणि दोन्ही वर्गीकरणे एकच नाहीत. ती ओढून-ताणून जुळवण्याचा अट्टहास मी करणार नाही. परंतु ज्याला जग दगड समजत आले तो निर्जीव नाही, एवढे दोन्हीकडे आहे.

या गोळ्याच्या पृष्ठभागावर शेकडो सूक्ष्म जीव दाटीने राहतात. त्यांच्या शरीरात शैवाल वस्तीला असते. जीव शैवालाला घर देतो, शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा घरमालकाला देते. चोख भागीदारी आहे. पाणी फार तापले की ती मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपासमार सुरू होते. अशा गोल प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे निदान दहा-बारा वर्षांची कमाई. एका बुटाने तिचा पापुद्रा निघतो.

येथेच या सहलीतील खरी अडचण आहे. सोबत घ्यावा लागणारा वाटाड्या बहुधा जवळच्या गावातला असतो, त्याची नजर तीक्ष्ण असते, आणि पाहुण्यांना खूश करण्याची त्याला सवय लागलेली असते. तो पफर मासा, कोकणात ज्याला केंड म्हणतात तो, पाण्याबाहेर काढून तळहातावर ठेवतो. मासा भीतीने चेंडूसारखा फुगतो, सर्वजण हसतात, मोबाईल पुढे होतात. पाण्याबाहेर तो पाण्याऐवजी हवा गिळून फुगतो, आणि ती हवा पुन्हा बाहेर टाकणे त्याला जड जाते. मागच्या हिवाळ्यात आमच्यापुढे चाललेल्या गटात तोच मासा चार कुटुंबांच्या हातांतून फिरला. त्यांतील आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने वडिलांना विचारले, ‘पप्पा, याला श्वास कुठून येतो?’ वडिलांनी मासा वाटाड्याच्या हातातून घेतला आणि स्वतः डबक्यात सोडला. त्यानंतर त्या वाटाड्याने काहीही उचलले नाही, केवळ बोटाने दाखवत गेला, आणि त्यांना आमच्यापेक्षा अधिक पाहायला मिळाले. म्हणून पैसे ठरवतानाच सांगावे : काही उचलायचे नाही, दगड उलटायचा नाही, बक्षिशी तेवढीच मिळेल.

नराऱ्याच्या वाळूत उभे राहिले की क्षितिजावर तेलाची जहाजे दिसतात. देशात येणाऱ्या खनिज तेलाचा मोठा हिस्सा याच आखातातून उतरतो, आणि जगातील सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण संकुलांपैकी एक जामनगरजवळ आहे. या किनाऱ्याने व्यापार पूर्वीही पाहिला. नवानगर संस्थानाच्या काळी येथून मोत्यांची शिंपली काढली जात. पुढे सिमेंटसाठी प्रवाळमिश्रित वाळू उपसली गेली आणि तिच्यासोबत प्रवाळही गेला. हालारातील ओसवाल याच किनाऱ्यावरून आफ्रिकेला गेले. कारखाने नकोत असे म्हणणे आपल्या तोंडी शोभणार नाही, आपले ट्रक त्याच डिझेलवर धावतात. परंतु जहाज, जेटी, नळ यांच्या नफा-तोट्याच्या हिशेबात हा उघडा पडणारा तळ कोणत्या रकान्यात मांडला जातो, हे विचारण्याचा अधिकार वही लिहिणाऱ्यांना नक्कीच आहे.

महाराष्ट्रात मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळही आहे. तेथे पाण्यात उतरणारे पर्यटक प्रवाळावरच उभे राहतात आणि मासे जमावेत म्हणून पाव टाकतात. वरील सूचना तेथेही तितक्याच लागू.

आता व्यवहाराचे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. मुंबईहून ओख्याकडे जाणारी सौराष्ट्र मेल जामनगरला थांबते. नराऱ्याला प्रवेश वनखात्याच्या परवान्याने मिळतो, ओळखपत्र जवळ ठेवावे. नाडीचे जुने बूट घालावेत, चप्पल चिखलात राहते. वाळूच्या पट्ट्यावरूनच चालावे. शिंपला रिकामा दिसला तरी तो कुणा खेकड्याचे घर असू शकतो, म्हणून पिशवी नेऊच नये. वाटाड्याने परत फिरा म्हटले की फिरावे. भरतीचे पाणी समोरून येताना दिसत नाही, ते बाजूच्या घळींतून मागे शिरते. तिकीट काढण्याआधी वनखात्याकडे त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ विचारावी, आणि मगच गाडीची.