ठराव विधानसभेचा, घाव करवतीचा

26 जुलै 2022 रोजी रायपुरात छत्तीसगढच्या विधानसभेने एकमताने ठराव केला, की राज्यातल्या हसदेव अरण्यातील सर्व कोळसा खाणपट्टे रद्द व्हावेत. तो शब्द सत्ताधाऱ्यांनी दिला होता आणि विरोधकांनीही. दोन महिने उलटतात न उलटतात तोच, सप्टेंबरात, काँग्रेसच्या राजवटीत, पोलिसांच्या कड्यात याच अरण्यातील परसा ईस्ट केते बासेन खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी वृक्षांवर करवत चालली. आणि 2023 च्या डिसेंबरात, भाजपच्या सरकारला शपथ घेऊन पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा ती पुन्हा चालली. याला फसवणूक म्हणतात.

या एका खाणीसाठी वळवलेली वनजमीन 1,898 हेक्टर आहे. सुमारे 1 लाख 70 हजार हेक्टरांच्या अरण्यातून एवढीशी गेली तर काय बिघडले, असा सवाल कचेऱ्यांतून होतो, आणि हाच सवाल या साऱ्या अनर्थाचे मूळ आहे. अरण्य हे क्षेत्रफळाच्या रकान्यात मावणारे द्रव्य नव्हे. त्याच्या पोटात खाण खोदली, खाणीकडे रस्ता नेला, रस्त्यालगत लोहमार्ग टाकला, की नकाशावरचा हिरवा रंग फारसा ओसरत नाही, पण एकसंध वनाचे विलग तुकडे होतात. तुकड्याच्या कडेने ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो, जमिनीतला ओलावा हटतो, घाणेरीची झुडपे मोकळ्या जागेचा ताबा घेतात, वणवा आत शिरायला वाट मिळते, आणि कडेचा हा क्षय वर्षानुवर्षे आत आत सरकत राहतो. ब्राझीलमधील मानौसजवळ 1979 पासून शास्त्रज्ञांनी मुद्दाम राखलेल्या वनखंडांवर नजर ठेवली. लहान तुकड्यांतून जीवजाती एकामागून एक नाहीशा झाल्या. जगात उरलेल्या वनांपैकी सुमारे 70 टक्के वन कोणत्या ना कोणत्या कडेपासून एका किलोमीटरच्या आत आले आहे, हे 2015 च्या जागतिक संशोधनाने दाखवले. अखंड राहिलेले थोडके उरले आहे. हसदेव त्या थोडक्यातले.

येथील साल वृक्ष, ज्याला गावकरी सरई म्हणतात, त्याचे बी पावसाच्या तोंडावर झडते आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. तेवढ्या अवधीत त्याला ओल आणि सावली मिळाली नाही, तर पुढची पिढी नाही. मोहाच्या फुलांना वटवाघळे लागतात, मोठ्या फळांच्या बिया दूर न्यायला धनेश लागतो, आणि धनेशाला घरट्यासाठी जुन्या वृक्षाची ढोली लागते. म्हणून तुटलेल्या वनात जुने वृक्ष उभे दिसतात, मंत्र्यांना दौऱ्यात ते दाखवताही येतात. परंतु त्यांच्या खाली रोपे नसतात. ते वन मेलेलेच असते, फक्त पडलेले नसते. या पातकावर पर्यायी वनीकरणाचे पांघरूण घातले जाते. दूरच्या माळावर ओळीने लावलेली रोपे म्हणजे सरईचे जंगल, हे सांगणारा अधिकारी स्वतःशी तरी खरे बोलतो काय?

आणि हत्ती! भारतीय वन्यजीव संस्थेने 2021 च्या अहवालात स्पष्ट लिहून ठेवले, की देशातील रानहत्तींपैकी एक टक्क्याहून कमी हत्ती छत्तीसगढात असताना, हत्तींशी संघर्षात होणाऱ्या मनुष्यहानीपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक या एका राज्यात होते. हसदेवमध्ये आणखी खाणी उघडल्या तर हा संघर्ष आवरणे अशक्य होईल. वाटा तुटलेला हत्ती भातात उतरतो, घराची भिंत पाडतो, माणसाला चिरडतो आणि कधी विजेच्या तारेला लागून स्वतः मरतो. 2021 मध्ये छत्तीसगढातून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हा कोरची-कुरखेड्याच्या शेतकऱ्याला या संकटाची ओळख झाली. हसदेव भागातील लेमरू हत्ती राखीव क्षेत्राची कल्पना 2005 मधली. कोळशाच्या आड ते येते म्हणून त्याची अधिसूचना 2021 पर्यंत रखडली. सोळा वर्षे!

त्याच वर्षी, 2021 च्या ऑक्टोबरात, हसदेवचे शेकडो गावकरी सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालत रायपुरात आले. राज्यपालांना भेटले, मुख्यमंत्र्यांना भेटले. आठवडाभरात, 21 ऑक्टोबरला, केंद्राने हसदेवमधल्याच परसा खाणपट्ट्याला अंतिम वनमंजुरी दिली. त्यांच्या पायांचे फोडही तोवर सुकले नसतील.

याच राजधानीच्या नव्या भागात मानवनिर्मित जंगल सफारी आहे. तिचे उद्घाटन 2016 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. कुंपणातले वाघ पाहायला तिकीट, आणि खऱ्या वाघांच्या वाटेवर खाण! राज्याचा मानाचा पशू रानम्हैस. उदंतीच्या एकाकी पडलेल्या रानात एके काळी तिची एकच मादी उरली होती, आणि वंश टिकवण्यासाठी आसामच्या मानसहून रानम्हशी आणण्याची पाळी आली. तुटलेल्या वनाचा शेवट कसा होतो हे ज्या राज्याने स्वतःच्या दारात पाहिले, त्यानेच हसदेवकडे डोळेझाक करावी, यापरता करंटेपणा नाही. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 उंचावून त्याखालून प्राण्यांना नऊ वाटा ठेवल्या, त्याही न्यायालयीन झगड्यानंतर. आज वाघ त्या वाटांनी ये-जा करतात. रस्ता उचलता येतो. खाणीचा खड्डा उचलता येत नाही.

आता महाराष्ट्राने स्वतःकडे बोट करावे. छत्तीसगढच्या रायगढ जिल्ह्यात, तमनार भागातील गारे पेलमा सेक्टर दोन हा खाणपट्टा महाराष्ट्राच्या वीजनिर्मिती कंपनीचा, महानिर्मितीचा. राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2024 च्या जानेवारीत त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली, त्याच वर्षी ती पुन्हा मिळाली, आणि 2025 च्या जूनमध्ये मुडागावात गावकऱ्यांचा आक्रोश चालू असताना झाडे पाडली गेली. नागपूर-पुण्याच्या दिव्यांसाठी तमनारचे वन तुटते, आणि त्या दिव्याखाली बसून आपण पर्यावरण दिनाची भाषणे देतो! नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढच्या मातीत वाढलेल्या, रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी समाजाला हे पाहवते कसे?

वाचकहो, आपल्या आमदाराला विचारा, की महानिर्मितीच्या कोळशासाठी किती वन गेले आणि अजून किती जाणार. आणि उत्तर सभागृहाच्या पटलावर मागा. रायपूरकरांनी आपल्या आमदाराला 26 जुलैच्या ठरावाची प्रत दाखवून विचारावे, की यावर तुमची संमती होती ना? मग तो अमलात आणा, नाहीतर जाहीरपणे मागे घ्या.