मेंढीचे रक्त बोलते, ऐकणारा कोण?



पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली, ज्वारी खळ्यात गेली की आपल्या शिवारात मेंढ्यांचे कळप उतरतात. रात्री मेंढ्या बसवल्या की वावराला लेंडीखत मिळते, धनगर-कुरमार भावाला धान्य किंवा रोख मिळते. कोरडवाहू शेतीचे हे जुने गणित आहे. म्हणून कळपात मर लागली तर नुकसान एकट्या मेंढपाळाचे नसते, आपल्या वावराचेही असते.

घुग्घुसला कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली चंद्रपूरचा जो पट्टा अतिप्रदूषित ठरवला, त्यात घुग्घुसचे नाव आहे. धूळ श्वासनळी खरवडते. त्यात पावसात भिजणे, लांबची पायपीट आणि दाटी आली की एरवी नाका-घशात गप्प बसलेले जंतू फुफ्फुसात उतरतात. हाच न्यूमोनिया.

पण उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की निरोगी मेंढीही धापते. आजारी कोणती आणि उन्हाने कावलेली कोणती? नुसते पाहून कळत नाही. मग सगळ्या कळपाला सुई टोचायची. पैसा जातो, औषध बोथट होते, आणि मरायची ती मेंढी मरतेच.

रक्ताला हा फरक कळतो. शरीरात दाह सुरू झाला की यकृत काही प्रथिने रक्तात सोडते. त्यातले हॅप्टोग्लोबिन निरोगी मेंढीत जवळजवळ नसतेच. दाह झाला की एक-दोन दिवसांत अनेक पटींनी चढते. फायब्रिनोजेनही वाढते. बारीक नळीतले रक्त यंत्रात फिरवून ५६ अंशांच्या पाण्यात ३ मिनिटे ठेवले की ते साकळते आणि मोजता येते. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. औषध लागू पडले की आकडे उतरतात, तेही कळते.

खूर सडले, जखम चिघळली तरी हेच आकडे वाढतात, हे खरे. आग लागली एवढे रक्त सांगते. कोणत्या खोलीत, ते डॉक्टरने छातीला नळी लावून शोधायचे.

हे ज्ञान नवे नाही. नागपुरात २००० सालापासून पशुविज्ञान विद्यापीठ आहे. पण मेंढी मेली की पंचनामा, जिवंत असताना तपासणी नाही, असा आपला कारभार. आम्हाला फुकट काही नको. वाजवी फी घ्या, पण ही चाचणी तालुक्याच्या दवाखान्यात आणा.

तोवर आपण एवढे करू. धापणारी मेंढी वेगळी काढून सावलीत बांधू. पहाटेच्या गारव्यातही ती धापत असेल, नाक वाहत असेल, चरणे सुटले असेल, तर त्याच दिवशी १९६२ या नंबरवर फोन करू आणि डॉक्टरला विचारू : रक्त तपासले का?

विचारणारे वाढले की चाचणी येईल.