उरलेल्या कळ्या

आमच्या बचत गटाची बैठक नालासोपाऱ्याच्या एका चाळीत भरते. दहा बाय बाराची खोली आणि आम्ही पंधरा-सोळा जणी. हप्त्यांचे हिशेब, कुणाच्या मुलाची फी, कुणाच्या नवऱ्याची सुटलेली नोकरी असं सगळं एकीकडे चाललेलं असतं आणि कोपऱ्यात एक मावशी मोगऱ्याचे गजरे करत बसलेल्या असतात. बोलणं आमच्याशी, हात कळ्यांशी. शंभर गजऱ्यांमागे ठरलेले पैसे मिळतात, त्यामुळे हात थांबवून चालत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात अशाच एका बैठकीनंतर मी जरा मागे रेंगाळले. मावशींनी गजरे ओल्या फडक्यात गुंडाळले. ताटात दहा-बारा कळ्या उरल्या होत्या. त्या त्यांनी स्टीलच्या वाटीत पाण्यावर सोडल्या आणि वाटी खिडकीत ठेवली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही. शेजारच्या इमारतीची ओल धरलेली भिंत आणि तिच्यावरून उतरणारे पाइप. तरी त्यांनी वाटी एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवून मनासारखी ठेवली.

मी सहज म्हटलं, "मावशी, केसात माळा की!"

"आता आम्हाला कुठं, ताई?" त्या हसल्या.

रडल्या असत्या तर मी पाठीवर हात तरी ठेवला असता. त्या हसल्या, म्हणून घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर आलं. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झालीत. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या केसांसाठी रोज शे-दोनशे गजरे, आणि स्वतःसाठी खिडकीतली वाटी.

मैत्रिणींनो, खरं सांगू? मी मराठी घेऊन बी.ए. केलं, कवितांवर पानंच्या पानं लिहिली. पण लग्नानंतर समाजकार्यात पडले आणि सौंदर्य वगैरे शब्दांची मला लाजच वाटू लागली. नळाला पाणी नाही, रेशनकार्डावर नाव नाही, तिथे फुलं आणि रांगोळ्या कसल्या, आधी पोटाचं बघू, असा माझा खाक्या होता. तो पहिल्यांदा हलला तो जुलै 2018 च्या पावसात. आठवतंय ना? रुळांवर पाणी येऊन विरारच्या गाड्या बंद पडल्या होत्या, वीज गेली होती, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या घेऊन वस्तीत गेलो. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. एका घरातल्या बाईनं ओटा धुऊन काढला होता आणि ती उंबऱ्याबाहेर बसून रांगोळी काढत होती. मला, खोटं कशाला सांगू, रागच आला. प्यायला पाणी नाही आणि हिला रांगोळी सुचतेय! जवळ जाऊन पाहिलं तर ती रांगोळी नव्हतीच. डब्यात पाणी शिरून वाया गेलेलं पीठ होतं ते. त्याच्याच चिमटीनं ती चार पाकळ्या ओढत होती. म्हणाली, "घर परत आपलं झालंय असं वाटायला नको का?"

बिस्किटांचा पुडा मी तिच्या हातात दिला, पण त्या घडीला तिला माझी फारशी गरज नव्हती, हे मला कळलं. चिखलातून ती एकटीच उभी राहिली होती, त्या चार पाकळ्यांना धरून.

अध्यात्म म्हटलं की आपल्याला प्रवचन आठवतं, उपास आठवतात, सप्ताह आठवतो. मला आता वाटतं, ज्या गोष्टीपाशी मन क्षणभर थांबतं, स्वतःची कटकट विसरतं आणि उठताना थोडं बळ घेऊन उठतं, ते सगळं अध्यात्मच. ठिपक्याला ठिपका जोडताना बाईच्या डोक्यात उधारी नसते, सासूचं बोलणं नसतं. पाच मिनिटं का होईना, ती पूर्णपणे तिथे असते. जपाची माळ याहून वेगळं काय करते?

आपल्या वसईला तर हे नव्यानं सांगायला नकोच. अजून वाड्या उरल्यात तिथे उन्हाळ्यात तांबडं फुटायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडायला बायका उभ्या असतात. कळी मिटलेली असतानाच तोडायची, म्हणजे ती संध्याकाळी कुणाच्या तरी केसात उमलते. सोनचाफा, जास्वंद, तगर, सगळं टोपल्यांत भरून पहाटेच्या लोकलनं दादरच्या फूलबाजारात. तीच फुलं जीवदानीच्या पायाशी जातात, तीच वाडीच्या कोपऱ्यावरच्या क्रुसाला हार होऊन लागतात आणि बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर वाहिली जातात. फुलाला धर्म विचारायची सोय नाही, हे बरंच आहे. (वाड्या उरल्यात म्हटलं, पण त्या आपोआप उरल्या नाहीत. 1988 पासून हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबर इथली साधी माणसं रस्त्यावर उतरली म्हणून एवढ्या तरी दिसतात. फादर 2024 मध्ये गेले. तो विषय स्वतंत्रपणे लिहायचा आहे.)

त्या स्तूपाचीच गोष्ट घ्या. गावातले लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, ते टेकाड 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणलं. आत दगडी पेटी निघाली. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे आणि सोन्याची फुलं. होय, फुलं! जमिनीखाली, दगडाच्या आत, जिथे कुणी पाहणार नाही अशा जागी कुणीतरी हौसेनं ती ठेवली होती. कुणी केली, कुणी वाहिली, माहीत नाही. त्या हातात बांगडी होती की नव्हती, तेही माहीत नाही. त्या वेळी कुणी विचारलंही नसेल, असं मी मनाशी धरून चालते.

आपण मात्र विचारतो. मला बोलायचं आहे ते इथेच.

माझं माहेर आगाशीकडचं. आईच्या रांगोळीसाठी आळी प्रसिद्ध होती. चैत्र लागला की बायका तिच्याकडे चैत्रांगण बघायला येत. मधोमध झोपाळ्यातली गौर, बाजूला सूर्य-चंद्र, शंख, कमळ, कासव, गोपद्मं, हत्ती. सगळं हातानं, छापे नाहीत. बाबा गेले आणि तेराव्यानंतर तिनं रांगोळीचा डबा उचलून वहिनीच्या हातात दिला. कुणी मनाई केली नव्हती, बरं का. वहिनी तर "तुम्हीच काढा" म्हणाली. पण आईनं आपला हात आपणच मागे घेतला. आणि मी, गावोगाव महिला मेळाव्यांत भाषणं करणारी तिची मुलगी, तिथेच उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. दुःखात असते, तिला कशाला छेडा, अशी समजूत घातली स्वतःची. ती समजूत चौदा वर्षं टिकली.

नवरा गेल्यावर बाईचं काय काय जातं याची आपण यादी करतो: उत्पन्न, आधार, घरातला मान. फूल जातं, रंग जातो, उंबऱ्यावरची चिमूटभर रांगोळी जाते, हे त्या यादीत कधी येत नाही, कारण त्याला आपण शृंगार समजतो. ज्या वेळी मनाला टेकायला सर्वांत जास्त आधार हवा, नेमक्या त्याच वेळी आपण तिच्या हातातून तो काढून घेतो.

बहिणाबाई चौधरी तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. मागे तीन मुलं, शेती, भाऊबंदकी. त्यांच्याजवळ ना अक्षर होतं, ना कागद. जात्यावर आणि शेतात त्या ओव्या रचत राहिल्या. त्या त्यांच्या माघारी, 1952 मध्ये पुस्तकात आल्या. आज त्या ओव्यांना आपण काव्य म्हणतो, शाळेत शिकवतो. पण दळताना त्या काही पुस्तकासाठी गात नव्हत्या. ते गाणं होतं म्हणून ते दळण निभलं असेल.

आणि आपल्या जिल्ह्यातली वारली घरं? लग्नात भिंतीवर चौक लिहिल्याशिवाय तिथे पुढचं पाऊल पडत नाही. गेरूवर तांदळाच्या पिठानं पालघट देवी उमटते, आणि ती लिहायचा मान सवासिनींचा. 1970 च्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून ही चित्रं हाती घेतली, लग्नाच्या भिंतीवरून कागदावर नेली, जगभर पोचवली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. फार मोठा माणूस. पण मला प्रश्न पडतो तो असा: सवासिनींचं काम पुरुषाच्या हातात गेलं तेव्हा आकाश कोसळलं नाही, उलट सगळ्यांना अभिमान वाटला. मग जिचा नवरा नाही त्या बाईच्या हातात गेलं तर नेमकं काय बिघडतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 रोजी ठराव केला की गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. मला त्या गावाचं फार कौतुक आहे. मात्र ठरावानं दुसऱ्याचा हात थांबतो. आपलाच आखडलेला हात सैल व्हायला ठराव पुरत नाही, हे मी घरात पाहिलंय.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुमच्यातल्या कितीजणी मनात म्हणतील, "बाई, इथे घर आवरताना कंबर मोडते आणि ही सौंदर्य शिकवतेय." बरोबर आहे तुमचं. मालिकेतल्यासारखं घर, पाहुण्यांनी नाव ठेवू नये म्हणून रात्री एक वाजता पुसलेली फरशी, दिवाळीत शेजारणीच्या रांगोळीशी चढाओढ, ही नुसती वेठबिगारी. मी त्याच्या बाजूनं बोलत नाहीये. खिडकीतली ती वाटी बघायला कुणी येणार नव्हतं, तरी मावशींनी ती दोनदा सरकवली. मी बोलतेय ते त्या सरकवण्याबद्दल.

यंदाच्या चैत्रात गटाचं हळदीकुंकू करायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, सगळ्या जणींना बोलवायचं आणि सगळ्यांना गजरा द्यायचा. लगेच वाद सुरू. गटात सगळ्या जातीधर्माच्या बायका, त्यामुळे हळदीकुंकू म्हणायचं की चैत्रमेळावा, इथपासून सुरुवात. एक आजी म्हणाल्या, "रीत मोडलीत तर मी येणार नाही." त्या खरंच आल्या नाहीत. आणखी दोघी आल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण कार्यक्रम बदलला नाही.

आईला मी आदल्या दिवशीच घेऊन आले होते. म्हटलं, मुलींना चैत्रांगण शिकव. "मी बाजूला बसून सांगते, काढा तुम्ही," म्हणाली. खुर्चीत बसून सूचना चालल्या होत्या. रेघ जाड नको, गौरीचा झोपाळा मधोमध घ्या. तेवढ्यात एका मुलीनं कासवाला मान फारच लांब काढली. आई म्हणाली, "अगं, ते कासव आहे की बदक?" आणि गुडघे धरत खाली बसली. मान पुसली, चिमूट घेतली, नवी मान काढली. मग पाय. मग शेजारचं कमळ तिला वाकडं दिसलं. पुढचा तासभर ती उठली नाही. आम्ही कुणी काही बोललो नाही. मी आत जाऊन पन्ह्यात गूळ घालत राहिले, जरा जास्तच पडला.

मावशी उशिरा आल्या. दाराशी थांबल्या. आंब्याची डाळ घेतली, पन्हं घेतलं. गजऱ्याचं तबक पुढे आलं तेव्हा त्यांच्याच हातचे गजरे त्यांनी क्षणभर अनोळखी असल्यासारखे पाहिले. एक उचलला, केसात न घालता पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि निघून गेल्या. चला, आपला बेत फसला असं मला वाटलं.

पुढच्या बैठकीला मी नकळत आधी त्यांच्या अंबाड्याकडे पाहिलं. काही नव्हतं. त्या नेहमीसारख्या कोपऱ्यात, कळ्यांचं ताट पुढ्यात. हिशेब झाले, बायका उठल्या. मी चपला शोधत होते तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी घरी गेल्यावर लावून बघितला. दार लावून घेतलं आधी. झोपताना काढून ठेवला." धाग्याला गाठ मारून त्यांनी तो दातानं तोडला. "उशीला दोन दिवस वास होता."