उसाच्या सरीत कडधान्य, ताटात डाळ



पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात मुख्य पीक भाताचे. भात कापला की तिथला जुना शेतकरी जमीन सुकायच्या आत त्याच खाचरात वाल पेरतो. वरचे पाणी नाही, युरिया नाही. अंगओलीवर पीक उभे राहते. बांधावर तूर, वरकस जमिनीत उडीद. वालाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, आणि मुळे-पाला कुजला की पुढच्या भाताला त्यातला वाटा मिळतो. घरात बिरडे शिजते ते वेगळेच!

पण तारापूरला औद्योगिक वसाहत झाली, तरणे हात बोईसरच्या पाळ्यांत गेले. भातानंतर गुरे मोकाट सुटतात, राखणीला माणूस नाही. मग खाचर पडीक आणि डाळ दुकानातून. तीही खिशात पैसा असला तर! आज त्याच जिल्ह्यात असलेल्या वावर-वांगणीची बालके १९९२ साली दगावली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. कुपोषणाची कारणे पुष्कळ असतात. पण नुसत्या भातावर पोर बाळसे धरत नाही, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

आपण उसवाले तरी निराळे काय करतो? बागायत आली आणि हरभरा, मूग, चवळी शेतातून गेली. आडसालीला हेक्टरी ४०० किलो, सुरूला २५० किलो नत्राची शिफारस आहे. कित्येकजण त्यावरही पोती ओततात, पाचट पेटवतात आणि मग म्हणतात, "साहेब, जमीन कडक झाली, खोडवा फुटत नाही."

उपाय परवडणारा आहे. पूर्वहंगामी उसात हरभरा, सुरूत मूग किंवा चवळी, आडसालीत ताग घ्यावा. ताग फुलावर येताच गाडावा. बियाण्याला दहा किलोस २५० ग्रॅम रायझोबियम चोळावे. वेल जाणारे वाण उसात नकोत. मोठ्या बांधणीआधी निघणारेच घ्या. शेंगा तोडल्यावर झाड उपटून गुरांपुढे टाकू नका. दाण्याबरोबर बराच नत्र घरी जातो. पाला-मुळे रानात राहिली तरच जमिनीला काही मिळते. यामुळे खताचे पोते एकदम बंद होईल असे मी म्हणणार नाही, पण जमिनीत जीव राहील.

"आंतरपिकाने टनेज घटते" ही तक्रार दाट पेरणाऱ्याची खरी आहे. एका सरीआड एक ओळ धरली तर ती राहत नाही.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे, की उसाच्या बेण्यासारखे कडधान्याचे बियाणेही उधारीने द्यावे व ऊस बिलातून कापून घ्यावे. आणि माता-भगिनींना सांगणे, की घरच्या डाळीची पहिली पायली बाजाराला नको, पोरांच्या ताटाला ठेवा. साखरेने घरात पैसा येतो. अंगात बळ डाळीनेच येते.

— ऊस विकास अधिकारी