बंद दाराबाहेरचे आप्त

रुग्णाचे हृदय बंद पडले की नातेवाइकांना प्रथम बाहेर काढावयाचे, हा रुग्णालयांचा जुना दंडक आहे. ते गोंधळ घालतील, डॉक्टरांच्या कामात व्यत्यय येईल, ही त्यामागची भीती. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फूट रुग्णालयाने १९८२ पासून आप्तांना आत येऊ देण्यास आरंभ केला. पुढे फ्रान्समध्ये, घरीच हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या ५७० आप्तांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपस्थित राहण्याची मुभा ज्यांना रीतसर देण्यात आली, त्यांच्यात तीन महिन्यांनंतर मानसिक आघाताची लक्षणे कमी आढळली. उपचारांत बाधा आली नाही, की डॉक्टरांवरील ताणही वाढला नाही.

डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये कायदा करावा लागला. तेव्हा येथे हे कसे जमावे, असे कोणी विचारील. परंतु आत काय चालले आहे हे न कळल्यानेच संशय बळावतो. गर्दी अर्थातच नको. एकच आप्त, तोही स्वेच्छेने, आणि त्याला समजावून सांगणारी एक परिचारिका, एवढी व्यवस्था पुरे. परिचारिका आधीच अपुऱ्या आहेत, ही अडचण खरी. मग मागणी त्यांच्या नेमणुकांची व्हावयास हवी.