तर्जुम्याची यंत्रे भाड्याने घेण्याआधी

गेल्या वर्षी वक्फ दुरुस्ती कायदा लागू झाला, जूनमध्ये 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत चढवा असे सांगण्यात आले. मग गावोगावी बैठका सुरू झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका बैठकीत माझ्यावर एक काम आले. मार्गदर्शन करायला उत्तरेकडचे एक वकील साहेब येणार होते, ते बोलणार उर्दूत. समोर बसणार होते खेड्यांतल्या जमातींचे ट्रस्टी, मशिदींचे हिशेब ठेवणारे चाचा आणि बऱ्याच बायका. यांची उर्दू म्हणजे मदरशात शिकलेले 'अलिफ बे' आणि नातातले शब्द. घरी कोकणी, कागद सगळे मराठीत. "तू इंजिनियर आहेस ना, तर्जुम्याचं तू बघ," असे मला सांगण्यात आले.

मी बघितले, आणि चुकलो.

फोनवरचे ऍप निवडले. क्यूआर कोड स्कॅन करा, भाषा निवडा, इअरफोन लावा. भाडे नाही, सामान नाही. ऑफिसात आम्ही डेमो देतो तसा डेमो दिला, सगळे खूश. प्रत्यक्षात हॉलचा वायफाय राउटर पंचवीस-तीस फोन जोडल्यावर दमला. निम्म्या ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नव्हता, ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे इअरफोन नव्हता, आणि तरुण पोरे तर्जुमा ऐकता ऐकता व्हॉट्सऍपवर गेली. एका चाचांनी माझाच फोन मला परत दिला. "हा तूच धर. काय ठरलं ते नंतर सांग."

त्या दिवसाचे खरे नुकसान मला दोन आठवड्यांनी कळले. वकील साहेब वारंवार 'खसरा-खतौनी' म्हणत होते. आपल्याकडे खसरा म्हणजे गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, आणि खतौनीच्या सर्वांत जवळचा कागद म्हणजे आठ-अ. ज्यांच्या कपाटात सातबारा, आठ-अ आणि फेरफार नीट लावून ठेवलेले होते, ते "आमच्याकडे खतौनी नाही" म्हणून हताश होऊन घरी गेले. एकानेही हात वर करून विचारले नाही. विचारले असते तरी मराठीत विचारले असते, आणि स्टेजवर मराठी कोणाला कळत होती?

यंत्राच्या बाबतीत माझे मत तिथे बदलले. आपण सगळे एकच विचार करतो की स्टेजवरचा आवाज मागच्या रांगेपर्यंत त्यांच्या भाषेत कसा पोचेल. मागच्या रांगेतला प्रश्न स्टेजपर्यंत कसा पोचेल, हे कोणी विचारत नाही. मक्केच्या हरममध्ये जुम्याच्या खुत्ब्याचा अनेक भाषांतला तर्जुमा रेडिओवर आणि ऍपवर ऐकवला जातो. तिथे ती व्यवस्था एकाच दिशेची आहे आणि तशीच असायला हवी, कारण खुत्बा चालू असताना ऐकणाऱ्याने गप्प राहायचे असते. पण आपली बैठक खुत्बा नाही. बैठकीत ट्रस्टीने वकिलाला अडवले पाहिजे. आपण मात्र खुत्ब्याची व्यवस्था उचलून बैठकीत लावतो आणि मग म्हणतो, लोक बोलत नाहीत.

म्हणून साउंडवाल्याला माझा पहिला प्रश्न आता असा असतो: ट्रान्समीटर किती? एक असेल तर एकाच दिशेची सोय. दोन हवेत, दोन वेगळ्या चॅनलवर. एकावर उर्दूचे मराठी, दुसऱ्यावर मराठीचे उर्दू. दुसऱ्या चॅनलचे रिसीव्हर स्टेजवरच्या लोकांच्या कानात. आणि हॉलमध्ये फिरता माइक, कारण माइकविना विचारलेला प्रश्न दुभाष्याला ऐकूच जात नाही.

स्टेजवरच्यांना कानात काही घालायला सांगणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम आहे. मोठी माणसे संकोचतात, काहींना तो अपमान वाटतो. पण पाहुणे समोरच्याचे ऐकायला आले आहेत हे लोकांना त्यावरूनच दिसते. हे निमंत्रण देतानाच सांगून टाकावे, स्टेजवर गेल्यावर नाही.

आता यंत्रांविषयी. छोट्या बैठकीला, म्हणजे शंभर-दीडशे माणसांपर्यंत, टूर गाइड संच पुरतो. गाइड तोंडाजवळ माइक धरून हळू बोलतो आणि गटातल्या प्रत्येकाच्या गळ्यात छोटा रिसीव्हर असतो, तेच हे यंत्र. स्वस्त पडते, बॅगेत मावते. तोटा असा की दुभाष्याला केबिन नसते, त्यामुळे त्याचा आवाज शेजारच्यांना त्रास देतो आणि हॉलचा आवाज त्याला. दुभाष्याला हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, पण स्टेज दिसेल असे बसवा, आणि मिक्सरवरून एक वेगळी लाइन थेट त्याच्या बंद हेडफोनमध्ये द्या. ही एक वायर भाड्याच्या शंभर रिसीव्हरांपेक्षा मोलाची आहे. दुभाष्याला नीट ऐकूच आले नाही तर पुढची सगळी महागडी यंत्रे चुकीची वाक्ये स्वच्छ आवाजात पोचवतात.

मोठ्या परिषदेला केबिन आणि इन्फ्रारेड संच सुचवतात. आवाज उत्तम असतो. पण इन्फ्रारेड म्हणजे प्रकाश. दिवसा उघड्या मांडवात ऊन आत येत असेल तर तो गोंधळतो, आणि भिंतीपलीकडे जात नाही. बायकांची बैठक वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या खोलीत असेल तर तिथे वेगळा रेडिएटर लावावा लागतो, आणि तो लावायला हटकून विसरतात. रेडिओ लहरी भिंत ओलांडतात, पण त्या हॉलच्या बाहेरही जातात. एखादी बहीण आपल्या तलाकची किंवा मारहाणीची हकिकत सांगणार असेल, तर रस्त्यावर तसाच रिसीव्हर घेऊन उभा असलेला माणूसही ती ऐकू शकतो. अशा सत्राला इन्फ्रारेडच बरा.

विकत घेणार असाल तर फ्रिक्वेन्सी बघा. ऑनलाइन मिळणारे काही संच अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे त्यातला काही पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे ८६५ ते ८६८ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याविना खुले आहेत. साध्या एफएम रेडिओवर ऐकवण्याची कल्पना दर वेळी कोणीतरी काढतोच. विनापरवाना एफएम प्रक्षेपण करता येत नाही, त्या भानगडीत पडू नका.

इअरपीस कोणता, हे बायकांना विचारून ठरवा. डोक्यावरून जाणारा पट्टा हिजाबवर बसत नाही, सरकतो. कानात अडकवायचा एकेरी इअरपीस स्कार्फच्या आतून नीट जातो. हे मला आमच्या संयोजक आपांनी सांगितले. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

राहिला एआयचा मुद्दा, कारण माझ्याच धंद्यातले मित्र विचारतात की माणूस कशाला हवा. मी घरी करून पाहिले. 'औरत को खुला का हक़ है' या वाक्याचे मराठी आले, 'स्त्रीला उघड्याचा हक्क आहे'. खुला म्हणजे पत्नीने मागून घेतलेला तलाक, हे यंत्राला माहीत नव्हते. यंत्र सुधारेल, मला शंका नाही. पण कायद्याच्या बैठकीत चूक पकडणारा कोणीतरी लागतो, आणि त्यासाठी दोन्ही भाषा येणारा माणूस लागतोच. मग त्याच्याच हातात माइक का देऊ नये?

माणूस नव्हे, माणसे. एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे वीस-तीस मिनिटांनंतर डोके थकवते, म्हणून व्यावसायिक दुभाषे जोडीने बसतात आणि आलटून-पालटून बोलतात. आम्ही त्या पहिल्या बैठकीत एका शिक्षिकेला सलग दोन तास एकटीला बसवले होते आणि वर "जरा हळू बोला" म्हणून दोनदा टोकले होते. तिची माफी मी नंतर मागितली. मानधन द्यायला हवे होते, ते सुचलेच नाही.

दुसरी गोष्ट न्यूरेंबर्गकडून घ्यावी. १९४५ मध्ये तिथल्या खटल्यात चार भाषांचा तर्जुमा एकाच वेळी चालायचा. बोलणाऱ्यासमोर पिवळा दिवा लागला की वेग कमी करा, लाल लागला की थांबा. आपल्याला दिवा नको, पिवळ्या पुठ्ठ्याचा तुकडा पुरे. दुभाष्याने तो वर केला की वक्त्याने श्वास घ्यायचा. आणि शब्दांची यादी दोन दिवस आधी दुभाष्याच्या हातात द्यायची: खसरा, खतौनी, मुतवल्ली, सातबारा.

पुढच्या महिन्यात त्याच तालुक्यात पुन्हा बैठक आहे, त्याच वकील साहेबांची. त्यांना फोनवर सांगितले की आपल्यालाही कानात रिसीव्हर घालावा लागेल. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "अच्छा, वो लोग भी बोलेंगे?" टूर गाइड संचाचे बुकिंग झाले आहे, दोन ट्रान्समीटर आणि दोन दुभाषी ठरले आहेत. फिरत्या माइकच्या बॅटऱ्या कोण आणणार हे मात्र अजून ठरायचे आहे.