दुर्गाघाटाचे दगड आणि कोसंबींचा तराजू

काशीच्या दुर्गाघाटाचे नाव निघाले की आमच्या दरबारी इतिहासलेखकांचा ऊर भरून येतो. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी अठराव्या शतकात ही जागा मल्लाहांकडून घेतली, ब्रह्माघाट व दुर्गाघाट बांधले, दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वसवली, ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते. मात्र बांधकामाचा पैसा कोणत्या रयतेच्या साऱ्यातून आला, दगड कोणी वाहिले, जागा दिल्यावर मल्लाह कोठे गेले, हे प्रश्न या लेखणीला शिवत नाहीत. दानशूरांच्या यादीत रयतेचे खाते नसते!

असे प्रश्न विचारणे हेच इतिहासकाराचे काम होय, हे ज्याने दाखवून दिले त्याची अध्यापकी याच काशीत सुरू झाली. तीही इतिहासाची नव्हे. १९२९ साली हार्वर्डहून परतलेले दामोदर धर्मानंद कोसंबी काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे वडील धर्मानंद याच नगरीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले होते. दामोदर पुढे अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन आणि १९४५ नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे गेले. पोटाला गणितच दिले. इतिहासाचे अध्यासन एकाही विद्यापीठाने दिले नाही.

‘गणितज्ञाची इतिहासात लुडबूड कशाला?’ असा सवाल तेव्हाही होत असे आणि आजही वेगळ्या शब्दांत होतो. उत्तर तराजूत आहे. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितका काळ चलनात, तितकी घट अधिक. या साध्या सत्यावर कोसंबींनी हजारो आहत नाणी तोलली आणि त्यांचा कालक्रम लावला. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून ग्रामदेवतांची ठाणी, धनगरांच्या वाटा आणि कार्ले-जुन्नरच्या लेण्यांजवळून जाणारे व्यापारी मार्ग एकत्र वाचले. त्यातूनच १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ उभा राहिला. ‘परकीय चष्मा’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखिते ताडून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा हाच मार्क्सवादी होता. संस्कृतीचा जयघोष करणाऱ्या किती जणांनी हे कष्ट उपसले?

तराजूचे एक पारडे आपल्या बाजूलाही होते. कॉ. डांगे यांच्या आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारताविषयीच्या ग्रंथावर कोसंबींनी १९४९ साली भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात कठोर टीका केली. एंगल्सचा साचा आधी आणि पुरावा मागाहून, हा त्यांचा आक्षेप होता. ‘अधिकृत मार्क्सवादी’ म्हणून त्यांनी डिवचलेही. शब्द झोंबणारे होते. पण आक्षेप शत्रूचा नव्हता, आणि पुराव्याच्या बाबतीत तो बरोबर होता. हे मान्य करण्यास चळवळीतील अनेकांना फार उशीर लागला.

अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरणाऱ्या या माणसाचा टाटा संस्थेतील करार १९६२ मध्ये वाढवला गेला नाही. १९६६ साली ते वारले. २००८ मध्ये सरकारने टपाल तिकीट काढले. काशीत मल्लाह अजून नावा वल्हवतात. दुर्गाघाटाची जागा त्यांच्या पूर्वजांनी खुशीने विकली की त्यांना उठवले गेले, याचा शोध कोसंबींचे नाव घेणाऱ्यांनी आता हाती घ्यावा.